जागा धरली आहे

"आजी, बॅग मांडीवर घ्या ना. ती सीट लागणार आहे," असं ती पोरगी म्हणाली, तेव्हा मला कळलं की माझ्या शेजारच्या सीटवर माझी बॅग आहे. ठेवली मीच असणार, दुसरं कोण ठेवायला येणार होतं. पण ठेवल्याचं मला आठवेना. गाडीत चढले, डाव्या हाताच्या रांगेत खिडकीशी सरकले आणि हातानं आपलं आपण बॅग शेजारी टाकली, उभी, पट्टा वर, म्हणजे दारातून कुणी बघितलं तरी कळावं की इथं माणूस आहे. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, गुडघे बदलायची वेळ आली, आणि हा हात अजून फर्स्ट शिफ्टला निघालेला. मला हसू आलं, आणि आजी म्हटल्याचा रागही आला. माझ्या आयुषचं लग्न ठरेना झालंय, मी आजी कुठून होणार? मी तिला सांगितलं की इथं बसणारं माणूस चिखलीला चढणार आहे. ती म्हणाली, चिखलीचं माणूस मागं बसेल, पुढं या सरांना बसू द्या. सर म्हणजे गॉगल लावलेला एक गृहस्थ, सकाळची वेळ असून गाडीच्या आतसुद्धा गॉगल लावून उभा. मी बॅगेवर हात ठेवला आणि त्याच्याकडे असं बघितलं की तो मागं गेला. तशी बघायची सवय माझी जुनी आहे, बसमध्येच लागलेली.

गाडी पांढरी, थंडगार, काचा काळ्या, आणि बाहेरून एका बाजूला हेलिकॉप्टर आणि खाली किल्ला असं चित्र काढलेलं. रविवारी सकाळी पिंपरी चौकातून माणसं घ्यायची, चाकणच्या पुढं एका माळावर न्यायची, तिथून हेलिकॉप्टरमध्ये बसवून धरणाच्या पाण्यावरून, डोंगरावरून एक चक्कर मारून आणायची आणि परत पिंपरीत सोडायची, असा हा प्रकार. आयुषनं माझ्या वाढदिवसाला दोन तिकिटं काढली. दुसरं त्यानं स्वतःसाठी काढलं होतं, हे मला नंतर कळलं, मी माझ्या कंपनीतल्या मैत्रिणीचं, शालनचं नाव घेतल्यावर त्याचा चेहरा उतरला तेव्हा. हिंजवडीत काम करतो, चांगला आहे, आईला आकाशात न्यावं असं वाटतं त्याला, किती जणांना वाटतं? पण मी ऐकलं नाही. म्हटलं, आयुष, मला शालनबरोबर जायचंय. तो म्हणाला, आई, पण त्यांना काही कळतं का आता? मी भांडी घासायला उठून गेले. कळतं का नाही, तेच तर बघायचं होतं मला. शालननं मला एकदा ओळखावं, एवढंच माझं मागणं होतं. एकदा नुसतं नाव घ्यावं. हेलिकॉप्टर गेलं उडत.

गाडी निघाली तशी मी काचेला डोकं टेकलं आणि जुनी बस आली डोळ्यांसमोर. आमची बस पिवळट रंगाची, खिळखिळी, खिडक्यांच्या काचा अर्ध्यातच अडकलेल्या, थंडीत सगळ्याजणी इंजिनाच्या झाकणाजवळ जागा मिळावी म्हणून धडपडायच्या कारण ते गरम असायचं. ज्योतीराम ड्रायव्हर. चाकणच्या कंपनीत आम्ही मोटारगाड्यांच्या पोटातल्या तारा बांधायचो. मोठ्या फळीवर खिळे मारलेले, त्या खिळ्यांतून रंगीत तारा ओढून घ्यायच्या आणि काळी टेप गुंडाळत जुडी करायची. दिवसभर गुंडाळायचं. रात्री झोपेत बोटं हलायची. मी पिंपरीच्या वस्तीतली, म्हणून बसला पहिली चढायचे आणि सगळी बस माझ्यासमोर भरत जायची. केएसबी चौक, कुदळवाडी, चिखली, मोशी. बायका चढायच्या, इकडं तिकडं बघायच्या, माझ्याकडे बघून हसायच्यासुद्धा, आणि माझ्या शेजारची जागा सोडून पुढं जायच्या. कुणी वाईट बोललं नाही कधी. पण दोघींच्या बाकावर तिघी दाटीवाटीनं बसत आणि माझ्या बाकावर मी एकटी. आडनाव पहिल्याच दिवशी विचारून झालं होतं ना. मी खिडकीबाहेर बघायचे, भंगाराची दुकानं, कोंबड्या, पत्र्याच्या शेड. आई विचारायची, बायका चांगल्या आहेत का गं? मी म्हणायचे, फार चांगल्या आहेत, मला तर ऐसपैस बसायला मिळतं.

मग शालन आली. चिखलीच्या कमानीशी चढली, उंच, आडव्या हाडाची, एका हातात डबा, दुसऱ्या हातात मेथीच्या जुड्या कोंबलेली पिशवी, कंपनीत पहिला दिवस आणि तोंडावर भीती औषधालाही नाही. दारात उभी राहून तिनं सगळी बस बघितली, तिघी-तिघींचे बाक बघितले, माझा बाक बघितला, आणि काय समजायचं ते तिला समजलं असणारच, गावची पोर ती, तिला कुणी शिकवायला नको. सरळ येऊन धपकन बसली आणि म्हणाली, "सरक गं जरा. का सगळी तूच बसनार हाईस?" मी सरकले. तिनं मेथी माझ्या मांडीवर ओतली, मधे वर्तमानपत्र पसरलं आणि मोशी येईपर्यंत आम्ही दोघींनी मिळून ती निवडली. दुपारी तिनं न विचारता माझ्या डब्यातली जवसाची चटणी बोटानं चाटली आणि मला मासवडी दिली. मासवडी मी तोवर खाल्ली नव्हती. आत मासे असतील म्हणून घाबरत घाबरत खाल्ली, तर ती इतकी हसली की सुपरवायझर बघायला आला.

आणि त्याच संध्याकाळची गोष्ट. सुट्टी झाली की बायका गेटातून पळत सुटायच्या बस गाठायला, आणि माझी लाइन सगळ्यांत आत, त्यामुळं मी नेहमी शेवटी, उभ्यानंच घरी यायचे. शालनची लाइन गेटाजवळ. मी बसच्या पायरीवर पाय ठेवला तर आत कडाक्याचं भांडण चाललेलं. मोशीची एक बाई जागेवर बसू पाहत होती आणि शालननं त्या जागेवर पिशवी ठेवून वर हात दाबून धरला होता, कोंबडीनं पिलांवर बसावं तशी. ती म्हणत होती, ही आमरपालीची जागा हाय, ती येतीय. बाकीच्या मला आमू म्हणत, कुणी पाली म्हणून चिडवत. शालननं माझं नाव कधी तोडलं नाही. मी तिथंच दारात उभी राहिले. माझ्याच लाइनीतल्या मागच्या बायका ढकलत होत्या, चढ की, काय झालं, आणि माझा पाय उचलेना. माझ्यासाठी कुणी जागा धरली आहे, ही गोष्ट माझ्या आयुष्यात आधी झाली नव्हती. शाळेत नाही, एसटीत नाही, लग्नाच्या पंगतीत नाही. मी जाऊन बसले आणि रडायला नको म्हणून तिच्यावरच खेकसले की कशाला भांडतेस उगीच.

त्यानंतर ठरूनच गेलं. सकाळी मी आधी चढते म्हणून मी धरायची, संध्याकाळी ती धरायची. कितीतरी वर्षं. बसमध्ये आमचं सगळं व्हायचं. वेण्या घालून व्हायच्या, मटार सोलून व्हायचे, कुणाच्या सासूचा उद्धार व्हायचा. एका पोरीचं डोहाळजेवण आम्ही चालत्या बसमध्ये केलं, हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरताना गाडी खड्ड्यात गेली आणि नारळ घरंगळत ज्योतीरामच्या पायाशी. त्यानं ब्रेक मारून शिव्या घातल्या आणि मग तोच नारळ स्वतः फोडून सगळ्यांना वाटला. त्याची एक खूण होती. बाहेरून पत्र्यावर दोन थापा म्हणजे चल, आतून एक थाप म्हणजे थांब, कुणी यायचंय. शालन चिखलीला उशिरा पळत यायची ना, म्हैस अडली, पोरगं रडलं, रोज काहीतरी, तेव्हा ती एक थाप मारायचं काम माझं. हात लाल व्हायचा. ज्योतीराम आरशातून बघायचा आणि म्हणायचा, आली का महाराणी? आणि थांबायचा.

कुदळवाडी आली तर मला ओळखूच येईना. भंगाराची दुकानं पाडली ती पेपरात वाचली होती, पण मोकळं बघणं वेगळं. दिव्या, म्हणजे ती पोरगी, छातीवर तिच्या नावाचा बिल्ला होता, तिनं मला पाण्याची बाटली दिली आणि हळूच विचारलं, आजी, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. मग वाईट वाटलं, पोरगी चांगली होती. पण माझा जीव टांगणीला लागला होता त्याला मी काय करणार. मागच्या महिन्यात मी शालनच्या घरी गेले होते. तिच्या शेतावर आता टॉवर आहे आणि त्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर तिला फ्लॅट मिळालाय, जिथं म्हैस बांधायची तिथं लिफ्ट. आमची कंपनी दुसरीकडं हलली, बायका घरी बसल्या, तोवर सगळं ठीक होतं. फोन व्हायचे. मग ती फोनवर तेच तेच विचारायला लागली, मग कोण बोलतंय म्हणायला लागली, मग फोन तिची सून पूनम उचलायला लागली. म्हणून मी गेले, तर शालन सोफ्यावर बसलेली, सुकून गेलेली, आडवी हाडं तेवढी उरलेली, आणि मला बघून उठून उभी राहिली. मला वाटलं, ओळखलं! तर म्हणते, या बाई, बसा, घरात किती माणसं ते सूनबाई सांगंल. जनगणनेची बाई समजली मला. पूनम कानकोंडी झाली. म्हणाली, काकू, मनाला लावून घेऊ नका, त्या मुलालासुद्धा भाऊ समजतात. मी हसून चहा प्यायले आणि घरी येऊन जेवले नाही.

मनाला लावून घेऊ नको म्हणजे काय करू? तिनं मला विसरावं ही साधी गोष्ट आहे का? त्या बसमध्ये मी बसत होते हे माझ्याशिवाय आता कुणाला माहीत आहे? आयुषचे बाबा गेले, ज्योतीराम गेला, कंपनीच्या जागी गोदाम झालं, आणि शालनच्या डोक्यातून मी गेले की मग ती मेथी, तो नारळ, ती जागा, सगळं माझ्या एकटीचं होणार. एकटीचं झालं की खरं होतं का खोटं, हेसुद्धा कुणाला विचारायची सोय नाही. म्हणून आयुषनं तिकिटं दाखवली तेव्हा मला वाटलं की हेलिकॉप्टर बघून तरी तिला आठवेल. कारण हेलिकॉप्टरचा आमचा जुना हिशोब होता. एकदा मोशीच्या पुढं पोलिसांनी सगळी वाहनं अडवली, कुणी मोठा माणूस यायचा होता. आमची बस उन्हात उभी, आत माशा, शिफ्टला उशीर म्हणजे अर्धा दिवस गेलाच. आणि तो मोठा माणूस वरून हेलिकॉप्टरमधून गेला, घरघर करत, धूळ उडवत. शालननं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि आकाशाकडे बघून ओरडली, तुला काय रे, तुला कुटं जागा धरावी लागती! बस हसायला लागली. मग खाली बसून घाम पुसत ती मला म्हणाली, "एकदा आपुन बी जाऊ, आमरपाली. मी आदी चढते, तुजी जागा धरते. काय घाबरू नको." घाबरू नको म्हणाली, जसं काही हेलिकॉप्टर खालीच उभं होतं आमच्यासाठी.

चिखलीच्या कमानीशी गाडी थांबली. कमान नवी आहे, रंगवलेली. खाली कुणी नव्हतं. दिव्यानं फोन लावला, उचलला नाही. मी लावला, उचलला नाही. सुजित म्हणून ड्रायव्हर होता, तो इंजिन चालू ठेवून आरशातून बघत राहिला. मागं गॉगलवाला मोठ्यानं म्हणाला की आपला स्लॉट गेला तर पैसे कोण देणार? दिव्या माझ्याजवळ आली, वाकली, काय बोलणार ते मला कळलं होतं, आणि सुजितनं गिअर टाकल्याचा आवाज आला. मी थाप मारली. जोरात मारली, पण तिथं पत्राच नाही, गाडीला आतून मऊ गादीसारखं काहीतरी लावलंय, फुस्स झालं नुसतं. तेव्हा मी तोंडानं म्हटलं, अहो थांबा, येतेय ती. सुजित थांबला. थापेनं थांबला का बोलण्यानं, माहीत नाही.

आणि आली. टॉवरच्या बाजूनं पूनमच्या हाताला धरून, नव्हे, पूनमला ओढत आली. निळी साडी, दोन्ही खांद्यांना पिन मारलेली, तशी आम्ही कंपनीत मारायचो पदर मशिनवर जाऊ नये म्हणून. अंबाड्यावर शेवंतीचं फूल. हातात डब्याची पिशवी. पूनमनं खिडकीतून मला सांगितलं की सकाळपासून गळ्यात घालायचा कंपनीचा जुना बिल्ला शोधत होत्या, तो सापडेपर्यंत घर डोक्यावर घेतलं, ड्युटीला जायचंय म्हणतात, मीही हो म्हटलं. शालन चढली, बस बघितली. मी माझी बॅग उचलली. ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सरक गं जरा."

मी सरकले, आणखी जागा नव्हती तरी सरकले, काचेला चिकटले. म्हटलं, शालन. ती पिशवी मांडीवर घेऊन नीट बसली, पदर सारखा केला, मग माझ्याकडे वळून बघितलं, चांगलं निरखून, चेहऱ्यावर माया, आणि म्हणाली, "नवी हाईस व्हय?"

काय सांगू? म्हटलं, हो, नवीन आहे. ती म्हणाली घाबरू नकोस, पहिला आठवडा बोटं दुखतात, रात्री तेल लावायचं. टेप ताणून धरायची पण फार ताणायची नाही, नाहीतर तार आतल्या आत मरते आणि वरून दिसत नाही. सुपरवायझर ओरडला तर खाली बघायचं, उलटं बोलायचं नाही, त्याची बायको आजारी असते. डबा कुणाबरोबर खातेस? अजून कुणी नाही मिळालं? मिळंल. सगळं सांगितलं तिनं मला, मोशी येईपर्यंत, जे तिला दुसऱ्या कुणी नाही, मीच सांगितलं होतं. सुपरवायझरच्या बायकोचं तर मीच तिला सांगितलं होतं. मी बरं, बरं म्हणत राहिले. इंद्रायणीचा पूल गेला, कुरुळी गेली, दोन्हीकडं गोदामं, कंटेनरच्या रांगा, चाकणच्या चौकातली कोंडी. तिनं एकदाही बाहेर बघितलं नाही. तिचे हात मांडीवर चालले होते, पिशवीच्या बंदावर पदराचं टोक गुंडाळत, गोल गोल, एकसारखे वेढे, एकावर एक अर्धा चढवून, जसं शिकवलं होतं तसं.

माळावर तंबू होता आणि सिमेंटचा गोल. तिथं वजनकाट्यावर उभं केलं सगळ्यांना. हेलिकॉप्टर एका अंगाला कलू नये म्हणून वजनाप्रमाणे बसवतात, कुणी कुठं बसायचं ते तेच ठरवतात. शालन हलकी निघाली, तिला पुढं पायलटशेजारी. मी मागं, त्या गॉगलवाल्याच्या बाजूला. मी म्हटलं, आम्ही एका बाकावर बसणाऱ्या आहोत हो. तंबूतला माणूस हसून म्हणाला की ताई, तिथं बाक नसतो. निदान ताई म्हणाला. शालननं ऐटीत बिल्ला दाखवला त्याला, आणि त्यानंही तो वाचल्यासारखं करून तिला आत सोडलं. त्या माणसाचं भलं होवो.

वर गेल्यावर काय दिसलं ते आयुषनं रात्री विचारलं, मी सांगितलं की फार छान. खरं तर मी बघितलंच नाही फारसं. वर उचललं तेव्हा डोळे मिटले, उघडले तर खाली निळे, पांढरे पत्रे, सगळीकडं पत्रे, कंपन्यांची छपरं, आणि मधून रस्ते दोऱ्यासारखे. आमची कंपनी त्यात कुठली, काय कळतंय. रस्त्यावर एक पिवळट ठिपका सरकत होता, कुणा कंपनीची बस असेल, रविवारी कशी ते माहीत नाही. मग हिरवं, मग धरणाचं पाणी, आणि मागचे सगळे मोबाइल काढून खिडकीकडे सरसावले. मी शालनची मान बघत होते. कानांवर मोठी काळी झाकणं लावलेली, त्याच्या खाली शेवंती चेपलेली, आणि मान ताठ, कामावर असल्यासारखी. मी एवढ्या वर्षांत तिची मान कधी मागून बघितली नव्हती, नेहमी शेजारून. मी हाक मारली. त्या आवाजात माझी मला ऐकू आली नाही. मग राग आला मला, खरंच राग आला, तिचाच. म्हटलं, मेले, बोटांचं तेल आठवतं तुला, टेप आठवते, सुपरवायझरची बायको आठवते, आणि तुझ्याशेजारी सगळा जन्म घासत बसले ती मी कुठं गेले? कशाला आणलं मी तुला इथं? एवढ्यात उतरायला लागलं.

खाली आल्यावर ती समाधानात होती. म्हणाली, सायेब चांगला हाय, वरडत न्हाई. पायलटला म्हणत होती. मग मी तिला तंबूत पाणी दिलं, तोंड पुसलं, केसातलं फूल सरळ केलं, आणि ती मला म्हणाली की तू चांगली हाईस गं, टिकशील. मी मान हलवली. फोटो देणार होते ते घ्यायला रांगेत उभी राहिले, दिव्याला म्हटलं यांना जरा गाडीत बसव, ऊन आहे. फोटो घेतला. फोटोत मी डोळे मिटलेली आणि शालन कॅमेऱ्याकडे न बघता दुसरीकडं कुणाला तरी शोधत असलेली. तो पिशवीत टाकला आणि चेहऱ्यावर पाणी मारून आले. वाटलं, झालं. आता घरी जायचं, पूनमच्या हाती तिला द्यायचं, आणि आयुषला म्हणायचं की तुझं बरोबर होतं.

गाडीत चढले तर सगळे बसलेले. आमची तीच रांग, खिडकीशी शालन, आणि शेजारच्या सीटवर तिची डब्याची पिशवी, उभी, बंद वर, आणि पिशवीवर हात दाबलेला. गॉगलवाला पुढं उभा, तोंड पाडून, बहुतेक त्याला तिथून उठवलं होतं. मी पुढं गेले, पिशवी उचलायला वाकले, तर तिनं माझा हात बाजूला केला. रागानं नाही. नवीन माणसाला समजावतात तसं.

"इथं नगं बसू बाई," ती म्हणाली. "आमरपालीची जागा हाय. तिची लाइन आत हाय, तिला येळ लागतो."

मी उभीच राहिले. कंपनीच्या बसच्या दारात उभी राहिले होते तशी, पाय उचलेना. दिव्या काहीतरी बोलायला पुढं आली, मी तिला हातानं थांबवलं. मला रडू फुटलं होतं आणि मला ते लपवायचंही नव्हतं, शालन माझ्याकडे बघतच नव्हती, ती दाराकडे बघत होती. मी मागच्या रांगेत, तिच्या पाठीशी जाऊन बसले. गॉगलवाला गुपचूप शेवटी गेला. सुजितनं गाडी चालू केली आणि आरशातून विचारलं, झाले का सगळे?

शालननं मऊ भिंतीवर एक थाप मारली. आवाज आला नाही, म्हणून पुन्हा एक मारली. सुजितला त्या थापांचा अर्थ कळेना. तेव्हा मीच म्हटलं की जरा थांबा, एक जण यायचंय.

"कोण राहिलंय आजी?" दिव्यानं विचारलं.

"आम्रपाली," मी म्हटलं.

दिव्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिकिटावर माझं नाव तिनंच सकाळी तपासलं होतं. तिनं सुजितला फक्त हात केला. गाडी थांबून राहिली. शालन मान लांब करून दाराबाहेर बघत होती, माळावर, तंबूच्या पलीकडे, जिथून माणूस पळत यायचं असेल तिकडे. मीही वाकून तिकडे बघायला लागले.